शेवटचं वावर

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी एका जुन्या दगडी बंधाऱ्यावर दोन म्हातारे रोज संध्याकाळी येऊन बसत. आप्पा माळकरी, उशाशी ज्ञानेश्वरी असल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. गुरुजी बौद्ध, १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतर त्यांच्या घरातले देव गेले, बुद्ध आला. दोघं शाळेत एका वर्गात होते, एका रांगेत नव्हते.

त्या बंधाऱ्याखाली फड होता. ही खान्देशातली काही शतकांची रीत: बंधाऱ्यानं नदी अडवायची, पाटानं पाणी काढायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर ते वावरांत न्यायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पीक राखतो. गुरुजींचे वडील याच फडाचे जागले होते.

माघ सरत आला होता, गहू ओंबीत होता. आप्पांनी वडाचं एक फळ फोडलं, आतला एक दाणा नखानं चिरला.

“काय दिसतं, गुरुजी?”

“काही नाही.”

“उपनिषदात उद्दालकाच्या पोरानंही हेच सांगितलं होतं. ज्यात डोळ्यांना काही दिसत नाही, त्याच सूक्ष्मातून एवढा वड उभा राहिला. तेच ब्रह्म. तुमच्यात, माझ्यात, या पाण्यात एकच.”

गुरुजींनी तो दाणा स्वतःच्या तळहातावर घेतला. “दाण्यात वड दडलेला नाही, आप्पा. माती हवी, पाऊस हवा, दाणा आणून टाकणारा पक्षी हवा आणि कोंब शेळीच्या तोंडातून सुटायला हवा. यातलं एक काढा, वड नाही. सगळं दुसऱ्याच्या आधारानं उभं आहे. स्वतःच्या बळावर काहीच नाही.”

बौद्ध आचार्य नागार्जुनाची शून्यता ती हीच. शून्य म्हणजे काहीच नसणं असं समजून तिला नास्तिपक्ष ठरवणाऱ्यांनी तिच्यावर फार अन्याय केला आहे. आणि ब्रह्म व शून्यता हे दोन विचार इतके शेजारी नांदले, की खुद्द शंकराचार्यांना विरोधी वेदान्त्यांनी ‘प्रच्छन्न बौद्ध’ म्हटलं. तरी मधला बांध खरा आहे. एकाला सगळ्या बदलाखाली न बदलणारं काही सापडतं, दुसऱ्याला तिथेही बदलच सापडतो.

“म्हणजे काल चोरी करणारा वेगळा आणि आज शिक्षा भोगणारा वेगळा?” आप्पांनी विचारलं.

“रात्रभर जळणारा कंदील बघा. पहाटेची ज्योत सांजेची नसते, पण ती दुसऱ्या कंदिलाचीही नसते.”

“मग सांजेची ज्योत बदलली, हे कळतं कुणाला? पाहणारा कुणीतरी तसाच राहिल्याशिवाय?”

गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. त्यांना उत्तर सुचलं नाही.

तेवढ्यात पाटकरी आला. “आप्पा, शेवटना वावरले पानी पोचनं नही.”

शेवटचं वावर एका विधवा बाईचं होतं. ओंबीत आलेल्या गव्हाला हे पाणी चुकलं की दाणा चिमतो.

“पाणी तर एकच आहे...” आप्पा सवयीनं बोलून गेले.

“एकच होतं,” गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. “तुमच्या ओट्याखाली उभा राहून मी पोथी ऐकली आहे, सर्वांभूती एकच म्हणणारी. तेव्हा माझे वडील रात्रभर हा फड राखायचे. तहान लागली की कुणी वरून ओंजळीत पाणी ओतेल याची वाट बघायचे. पीक राखायचं, पाण्याला हात लावायचा नाही.”

बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये हाच प्रश्न केला आहे: सर्वांत एकच ब्रह्म असेल तर सगळे समान ठरतात, लोकशाहीला याहून भक्कम पाया कुठला? मग त्या पायावर समता का उभी राहिली नाही? हे पुस्तक त्यांच्या हयातीत निघालं नाही, १९८७ साली छापलं गेलं. पण प्रश्न या पाटावर आधीपासून होता.

आप्पांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, “वरचं बारं कुणी फोडलं?”

गुरुजी नदीकडे बघत राहिले. “तुमच्या थोरल्यानं. मी परवाच पाहिलं. तुमचं मन दुखावेल म्हणून बोललो नाही.”

“सगळं एकमेकांच्या आधारानं उभं आहे, असं आत्ताच म्हणालात.”

“म्हणालो खरं.”

पुढे कुणीच काही बोललं नाही. पाटकऱ्याकडून कंदील घेऊन दोघं पाटाच्या कडेनं निघाले. थोरल्याच्या वावराशी आप्पा धोतर खोचून पाण्यात उतरले आणि गवत-चिखल थापून त्यांनी बारं स्वतः बुजवलं. गुरुजी वरून ढेकळं देत होते. थोरला बांधावर येऊन उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे बघून फक्त फावडं मागितलं.

शेवटच्या वावराशी ते बसून राहिले. थंडी होती. पहाटेला पाटाच्या कोरड्या तळातून आधी ओल आली, मग पाणी आलं. गुरुजी वाकले, दोन्ही हात त्यात बुडवून पोटभर प्यायले. आप्पा त्यांच्या शेजारी गुडघे टेकून प्यायले.

“पाहणाऱ्याचं राहिलंच,” आप्पा तोंड पुसत म्हणाले.

“राहिलंय,” गुरुजी म्हणाले. “आधी हा वाफा भरू द्या.”