दिल्यानंतरचे मन



विहारात झाडू मारणारा, पौर्णिमेला सतरंज्या अंथरणारा, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा कार्यकर्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला पगार नाही. मग तो कशासाठी राबतो? हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

मी स्वतःपासूनच सुरुवात करतो. मी शिक्षक. विहारात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग घेत असे. एका बुद्धजयंतीच्या पत्रकात सर्वांची नावे छापली गेली, माझे तेवढे राहिले. मी रुसलो आणि पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही. विहाराची चावी माझ्याकडेच होती! मुले रोज येत, पायरीवर बसत आणि परत जात. मला वाटत होते, मी समितीला धडा शिकवतो आहे. शिक्षा मात्र मुलांनी भोगली.

तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. अंगुत्तर निकायात दात्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत : देण्यापूर्वी मन आनंदी असावे, देताना प्रसन्न असावे आणि दिल्यानंतर समाधानी असावे. वेळ आणि श्रम देणे हेही दानच. पहिल्या दोन कसोट्यांना मी उतरलो, तिसरीत नापास झालो. दिल्यानंतर मी मोबदला मागितला. पैशाचा नव्हे, नावाचा. पण लोभ तो लोभच!

याचा अर्थ कार्यकर्त्याने अन्याय मुकाट्याने गिळावा, असा मुळीच नाही. हिशेब चोख मागा. पदाधिकाऱ्यांना जाब विचारा. जो पूर्णवेळ राबतो, त्याच्या चुलीची काळजी संस्थेने घेतलीच पाहिजे. उपाशी माणसाला त्यागाचा उपदेश करणे ही करुणा नव्हे. मात्र भांडण कामासाठी असावे. भांडणासाठी काम बंद पडू नये.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. त्यासाठी खपलेल्या किती जणांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत? नावे विसरली गेली, पण त्या कामाच्या पुण्याईवर आपल्या पिढ्या शिकल्या. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती माझ्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधराने आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.

बाराव्या प्रतिज्ञेने आपण दहा पारमितांचे पालन करण्याचे वचन दिले आहे. दान ही त्यांतलीच एक. म्हणून, वाचकहो, आज विहारातून घरी जाताना एवढेच तपासा : माझे नाव कोणी घेतले नाही, तरी उद्या मी येईन काय? उत्तर 'होय' असेल तर तुम्ही धम्माचे कार्यकर्ते. 'नाही' असेल तर निराश होऊ नका. चावी घ्या, दार उघडा आणि पुन्हा कामाला लागा. मीही तेच केले.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!