आवाजाची साक्ष : श्राव्य रहस्यकथेतील प्रामाणिकपणाचा प्रश्न

१

रहस्यकथेने वाचकाला चकवावे, मात्र त्याच्याशी खोटे बोलू नये, असा एक करार या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याला लेखी रूपही मिळाले. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये वीस नियम सांगितले, रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये दहा. यातील बरेचसे नियम आज गमतीदार वाटतात. परंतु व्हॅन डाइन यांचा एक नियम केवळ तंत्राचा नाही. गुन्हेगार गुप्तहेराशी जी लबाडी करतो, तिच्याव्यतिरिक्त दुसरी कोणतीही लबाडी लेखकाने वाचकाशी करू नये, असा त्याचा आशय आहे. फसवणूक कथेच्या आत असावी, कथा सांगण्याच्या व्यवहारात नसावी, हा भेद येथे केलेला आहे आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे.

हा करार छापील पानासाठी झाला होता. वाचकाच्या हाती पुस्तक आहे, शंका आली तर तो पंचवीस पाने मागे जाऊन लेखकाचे शब्द तपासू शकतो, हे त्यात गृहीत धरलेले होते. हीच कथा कुणी वाचून दाखवू लागले की लेखक आणि वाचक यांच्यामध्ये एक तिसरी व्यक्ती येते. तिला अभिवाचक म्हणू. अभिवाचकाला शेवट ठाऊक असतो आणि ठाऊक नसल्यासारखे बोलणे हे त्याचे काम असते. श्राव्य रहस्यकथांविषयी श्रोते जी मते व्यक्त करतात, ती बहुधा या तिसऱ्या व्यक्तीसंबंधीच असतात. 'आवाजावरूनच खुनी ओळखू आला', 'वाचणाऱ्याने उगाच दिशाभूल केली', 'आवाज गोड होता म्हणून विश्वास बसला', अशी ही मते असतात. ती अभिरुचीची मते म्हणून बाजूला सारली जातात. वास्तविक त्यांत विश्वास आणि विश्वासघात यांचा एक प्रश्न दडलेला आहे. शब्द खरे असताना आवाज खोटा असू शकतो काय, हा तो प्रश्न होय.

२

या प्रश्नाचा आरंभ योगायोगाने एका फार समर्पक ठिकाणी झालेला आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांपैकी अनेकांना ब्रेल लिपी आत्मसात करणे जड गेले. त्यांच्यासाठी आणि इतर दृष्टिहीनांसाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली 'बोलक्या पुस्तकां'ची योजना सुरू झाली. संथ गतीने फिरणाऱ्या या तबकड्यांच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावत असे. सर्वांत आधी तयार झालेल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडच्या 'टायफून'बरोबर अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) ही कादंबरी होती.

ही कादंबरी डॉक्टर शेपर्ड प्रथमपुरुषी निवेदनातून सांगतो आणि अखेरीस तोच खुनी ठरतो. तो कोठेही उघड खोटे विधान करीत नाही. खुनाच्या वेळची दहा मिनिटे तो एका निरुपद्रवी भासणाऱ्या वाक्यात गुंडाळतो, एवढेच. मौनाने केलेली फसवणूक ही फसवणूक मानावी काय, हा वाद त्यामुळे उत्पन्न झाला आणि तो शमलेला नाही. फ्रेंच समीक्षक पिएर बायार यांनी १९९८ मध्ये हा खटलाच पुन्हा चालवला आणि पुराव्यांच्या फेरतपासणीतून गुन्हेगार दुसराच असल्याचे प्रतिपादन केले.

परंतु या कादंबरीतील आणखी एक गोष्ट येथे अधिक महत्त्वाची आहे. अ‍ॅक्रॉइड मेल्यानंतर बंद दारापलीकडून त्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज डिक्टाफोनचा असतो. ऐकणारे मात्र अ‍ॅक्रॉइड जिवंत आहे असे मानतात आणि खुन्याला त्याचा बचाव मिळतो. या प्रसंगात नेमके खोटे काय आहे? शब्द अ‍ॅक्रॉइडचेच आहेत, आवाजही त्याचाच आहे. खोटा आहे तो आवाजाने सुचवलेला निष्कर्ष : बोलणारा येथे आहे, आत्ता आहे. विधान कोणी केलेले नाही, साक्ष मात्र दिली गेली आहे. मुद्रित आवाजावर विसंबून फसलेल्यांची ही कथा मुद्रित आवाजातील अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक व्हावी, यात जणू पुढील सर्व प्रश्नांची पूर्वसूचना आहे.

३

आवाज विधानापेक्षा अधिक काही सांगतो, ही जाणीव भारतीय काव्यशास्त्रास नवी नाही. भरताने 'नाट्यशास्त्रा'त काकूचा, म्हणजे स्वराच्या आशयगर्भ चढउताराचा, विचार वाचिक अभिनयात केला आणि साकांक्ष व निराकांक्ष असे तिचे दोन प्रकार मानले. मम्मटाने व्यंजनेच्या निमित्तांत काकूची गणना केली. रुद्रटाने काकुवक्रोक्तीस अलंकारात स्थान दिले असता राजशेखराने 'काव्यमीमांसे'त त्यावर आक्षेप घेतला. काकू हा अभिप्राययुक्त असा पठणाचा धर्म आहे, तो अलंकार कसा होईल, अशी त्याची भूमिका आहे.

राजशेखराचा हा आक्षेप श्राव्य रहस्यकथेला तंतोतंत लागू पडतो. काकू पठणाचा धर्म असेल, तर तिची जबाबदारीही पठण करणाऱ्याकडे जाते. लेखकाने लिहिलेल्या 'मी दार लावून घेतले' या वाक्यात संशय नाही आणि निष्पापपणाही नाही. अभिवाचकाला मात्र ते कोणत्या तरी स्वरातच म्हणावे लागते. स्वर थोडा जड झाला तर रहस्य फुटते. तो अवाजवी प्रसन्न झाला तर लेखकाने न दिलेली निर्दोषत्वाची ग्वाही दिली जाते. अगदी सपाट स्वरात वाचावे म्हटले, तर तो सपाटपणाही एक काकूच ठरतो. तटस्थ राहण्याची जी सोय छापील अक्षराला आहे, ती आवाजाला नाही.

मग अभिवाचकाने करावे काय? व्हॅन डाइन यांचा नियम येथे थोडा वाढवून वापरता येईल. पात्र स्वतः जी लबाडी करते, तिचा स्वर प्रामाणिक होय. पात्राचीही नाही आणि संहितेचीही नाही, केवळ श्रोत्याला हुलकावणी देण्यासाठी बाहेरून आणली आहे, अशा लबाडीचा स्वर अप्रामाणिक होय.

४

हा निकष अलीकडील काही उदाहरणांवर तपासून पाहावा. जिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'मध्ये (२०१२) एमीची दैनंदिनी पतीला गोवण्यासाठी रचलेली आहे. तिचा भाग ज्यूलिया व्हेलन यांनी आणि निकचा कर्बी हेबॉर्न यांनी वाचला आहे. दैनंदिनीतील एमीचा आर्जवी सूर श्रोत्याला फसवतो, तरी तो खोटा म्हणता येत नाही. तो सूर एमीनेच घडवलेला आहे. वाचणारी एमीची भूमिका करते आणि एमी एका भाबड्या पत्नीची. मोहित होणे हा येथे श्रोत्याला आलेला एमीचाच प्रत्यय आहे.

पॉला हॉकिन्सच्या 'द गर्ल ऑन द ट्रेन'मध्ये (२०१५) परिस्थिती उलट आहे. रेचल खोटे बोलत नाही. मद्यामुळे तिच्या स्मृतीत पोकळ्या आहेत आणि त्या इतरांच्या असत्याने भरल्या गेल्या आहेत. तिघी स्त्रियांची निवेदने तीन अभिनेत्रींनी वाचली असल्याने टॉमचे बोलणेही प्रत्येक वेळी त्या त्या स्त्रीच्याच आवाजातून येते. छापील पानावर टॉमची वाक्ये अवतरणचिन्हांत स्वतंत्रपणे उभी असतात. श्राव्य रूपात तो श्रोत्याला थेट कधीच भेटत नाही. भेटतो तो कोणाच्या तरी विश्वासात किंवा भीतीत भिजलेला टॉम. येथे आवाज संहितेतील सत्य अधिकच उघड करतो.

अ‍ॅलेक्स मायकेलिडिसच्या 'द सायलेंट पेशंट'मध्ये (२०१९) मात्र आवाजाची किंमत मोजावी लागते. पतीच्या खुनानंतर एक शब्दही न बोलणाऱ्या अ‍ॅलिशियाची दैनंदिनी श्राव्य पुस्तकात स्त्रीच्या आवाजात येते. रुग्णालयातील कोणालाही न लाभलेले तिचे बोलणे श्रोत्याच्या कानी आधीच पडते. वाचकाला तिचे मौन जितके जाचते, तितके ते श्रोत्याला जाचत नाही. ही फसवणूक नव्हे. परंतु मौन हाच ज्या पात्राचा एकमेव प्रतिकार, त्याला आवाज देणे सर्वस्वी निर्दोष असते, असेही म्हणता येत नाही.

५

निकषाची खरी कसोटी लागते ती वेषांतराच्या प्रसंगी. जुन्या मराठी रहस्यकथेला हा प्रसंग परका नाही. अंधारात कोणी बुरखाधारी बोलतो आणि पुढे तो परिचितच निघतो. छापील पानावर 'तो म्हणाला' एवढ्याने भागते. अभिवाचकाला त्याला आवाज द्यावा लागतो. परिचित पात्राचाच आवाज दिला तर रहस्य तेथेच संपते, वेगळा दिला तर संहितेत नसलेला पुरावा निर्माण होतो. २०१७ साली स्टोरीटेलसारखी व्यासपीठे मराठीत आल्यानंतर एकट्याने ऐकण्याची सवय वाढली आहे. त्यामुळे हा पेच मराठी अभिवाचकासमोरही आहे.

त्यातून सुटण्याचा मार्ग कथेतच शोधावा लागतो. बुरखाधारी समोरच्या पात्राला चकवण्यासाठी स्वतः आवाज बदलत असेल, तर अभिवाचकानेही तो बदलणे न्याय्य आहे. समोरच्याने आवाज ओळखायला हवा होता आणि त्याने तो ओळखला नाही, असे कथा म्हणत असेल, तर दोष लेखकाचा आहे. कानाने वाचली असता कथेतील हा कच्चा दुवा लपत नाही. या अर्थी अभिवाचन ही एक कठोर समीक्षाच ठरते.

येथे कीर्तनाशी तुलना सुचणे स्वाभाविक आहे. ऐकून कथा ग्रहण करण्याची मराठी माणसाची सवय जुनीच आहे. परंतु कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यान श्रोत्याला बहुधा आधीच माहीत असते. कीर्तनकाराचे अधिक जाणणे श्रोत्यावर अन्याय करीत नाही, कारण दोघेही एकाच ज्ञानात सहभागी असतात. रहस्यकथेच्या श्रोत्याला असा सहभाग नसतो. स्वयंपाक करताना वा प्रवासात ऐकणाऱ्याला नेमके वाक्य मागे जाऊन शोधणेही सोपे नसते. तपासण्याचा हक्क जेवढा आक्रसतो, तेवढे विश्वासाचे ओझे वाढते.

यंत्राने निर्माण केलेल्या आवाजात पुस्तके वाचून घेण्याची प्रथा आता पसरू लागली आहे. तिने हा प्रश्न मिटेल असे कोणास वाटेल. यंत्र रहस्य फोडणार नाही, कारण ते राखण्याचे दायित्व त्याच्यावर नाही. पण म्हणूनच त्याच्या आवाजावर ठेवलेला विश्वास कोणावर ठेवला आहे, हे सांगता येत नाही. शेवट जाणूनही शेपर्डचे ते वाक्य शेपर्डच्याच शांतपणे, त्यात आपली एकही खूण न मिसळता उच्चारणे, ही गोष्ट ज्याला शब्द पाळता येतो आणि मोडताही येतो अशा माणसालाच शक्य आहे. 'वाचणाऱ्याने दगा दिला' अशी तक्रार करणारा श्रोता नकळत हेच सांगत असतो. कथेतील सर्वांवर संशय घेण्याची त्याची तयारी असते. संशयाबाहेर त्याने फक्त एक आवाज ठेवलेला असतो.