पाळणा कुठे टांगायचा

मुळा धरणाच्या कालव्याने नेवासा तालुक्यात पाणी आणलं, पाण्यामागून ऊस वाढला, सोनई आणि भेंडे इथे साखर कारखाने उभे राहिले आणि त्या पैशातून वस्त्यावस्त्यांवर धाब्याच्या जुन्या घरांशेजारी स्लॅबचे बंगले आले. आता या बंगल्यांतही पुण्या-नाशिकच्या फ्लॅटसारखी बाळाची वेगळी खोली सजू लागली आहे. मुलगी असेल तर गुलाबी भिंत, मुलगा असेल तर निळी. छताला पीओपीचे ढग, भिंतीवर स्टिकरचा जिराफ, कठड्याच्या पलंगावर जाळीचा घुमट. बारशाला आलेली मंडळी खोली बघून जातात, फोटो निघतात. बाळ मात्र दिवसाचा बहुतेक वेळ आजीच्या मांडीवर, नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अंथरलेल्या गोधडीवर असतं. आईबापांच्या हौसेची टिंगल करण्याचं कारण नाही. खोली मात्र चुकीच्या नकाशावरून उचललेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सधन इंग्रजांच्या घरात मुलं वरच्या मजल्यावर दाईच्या ताब्यात वाढत आणि ठरल्या वेळी आईबापांपुढे आणली जात. त्या व्यवस्थेला वेगळी खोली लागत होती. दाई नाही, वरचा मजला भाडेकरूला दिलेला, आणि बाळ सगळ्यांच्या अंगाखांद्यावर, अशा घरात ती खोली पाहुण्यांची होते. तान्ह्या मुलाला स्वतःची खोली लागत नाही, सगळ्यांच्या खोलीत हक्काची जागा लागते. घराची खरी देखणी सजावट त्या जागेपासून सुरू व्हावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

लहान मुलाची घरातली जागा हा विषय नेवाशाला तरी नवा नाही. प्रवरेच्या काठावरच्या लाडमोड टेकाडावर ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 ते 1956 आणि पुन्हा 1959 ते 1961 या काळात उत्खनन केलं. त्यात तीन हजार वर्षांहून जुन्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या घरांच्या जमिनी सापडल्या आणि त्या जमिनींच्या खाली मुलांची दफनं. दोन मोठे मातीचे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत लहानग्याचे अवशेष आणि सोबत छोटी भांडी. प्रवरेच्या आणि भीमेच्या खोऱ्यातल्या जोर्वे संस्कृतीच्या इतर गावांतही, दायमाबादला आणि इनामगावला, हीच रीत आढळते. नेवाशात एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी तर टिकलेच, पण ते ज्या धाग्यात ओवले होते त्याचे तंतूही शिल्लक होते, आणि तपासणीत त्यात कापूस व रेशीम दोन्ही निघाले. ज्या वस्तीत कुडाच्या भिंती होत्या, तिथे एका लेकराच्या गळ्यासाठी कोणीतरी असा धागा कातला होता. या दफनांमागची श्रद्धा काय होती यावर अभ्यासक तर्क करतात, मी त्यात पडत नाही. जमिनीतून एवढं मात्र स्पष्ट दिसतं की गेलेलं मूलसुद्धा गावाबाहेर न नेता, ज्या जमिनीवर चूल पेटत होती, माणसं झोपत होती, तिच्याच पोटात ठेवलं जात होतं. घराची जागा आणि मुलाची जागा या दोन गोष्टी त्या लोकांनी वेगळ्या मानलेल्या दिसत नाहीत.

याचा अर्थ जुनं ते सोनं, असा कोणी काढू नये. आपल्याकडेही बाळाची एक खास खोली होती आणि ती घरातली सगळ्यात वाईट खोली असे. वाड्यातली बाळंतिणीची खोली म्हणजे आतली, अंधारी, जिला वारा लागू नये म्हणून खिडकीत चिंध्या कोंबायच्या. बाजेखाली शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, दाराशी लोखंडाचा तुकडा, आणि सोयराचं बंधन म्हणून दहा दिवस त्या दोघांना कोणी शिवायचं नाही. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, अशी समजूत होती. किती बाळांच्या बाबतीत ते लिखाण धुराने आणि कोंदट हवेने आधीच करून ठेवलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तेव्हा उजेडाची, रंग दिलेली, फरशीची खोली पाहून एखाद्या आजीला बरं वाटत असेल तर ते रास्तच आहे. माझा वाद उजेडाशी नाही. अंधाऱ्या खोलीत आणि जिराफाच्या खोलीत एक साम्य आहे, त्याच्याशी आहे: दोन्हीकडे बाळ घराच्या वर्दळीतून बाजूला काढलेलं असतं. एकीकडे विटाळाच्या नावाने, दुसरीकडे शैलीच्या.

आता बाळाच्या बाजूने पाहू. नवजात मुलाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचं काय ते नीट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढंच. रंगांची जाण पहिल्या काही महिन्यांत हळूहळू येते. सुरुवातीला ठळक कडा, उजेड-अंधाराचा फरक, हलणारी वस्तू यांकडे नजर जाते. फिकट गुलाबी भिंतीवरचा फिकट राखाडी ढग त्याच्यासाठी जवळपास नसतोच. उलट पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं पाहा. लाल, हिरव्या, पिवळ्या कापडाच्या किंवा लाखेच्या रंगांच्या चिमण्या, मधे गोंडा, वाऱ्याने किंवा पाळण्याच्या झोक्याने डुलणाऱ्या. ते बरोबर नजरेच्या टप्प्यात येतं, हलतं, आणि त्याचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कोणत्याही पुस्तकाशिवाय बायकांनी हे साधलं होतं. तसंच वाकळीचं. जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या घड्या एकावर एक ठेवून दोऱ्याच्या समांतर धावांनी शिवलेली वाकळ धुऊन धुऊन मऊ पडलेली असते, आणि तिचे चौकोन, पट्टे, ठिगळं यांची मांडणी आज कुठल्याही महागड्या दुकानात ‘हस्तकला’ म्हणून मिरवेल. नगर जिल्ह्यातल्या घरांत माळ्यावर अशा वाकळी पडून आहेत आणि खाली बाळासाठी कार्टून छापलेली पॉलिएस्टरची दुलई विकत येते, याला शैली म्हणवत नाही. रंगाच्या बाबतीत तर सौंदर्याच्या आधी आरोग्य येतं. मुलं भिंत चाटतात, कठडा चावतात. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या पुढे जाऊ नये असा नियम केंद्राने 2016 मध्ये केला आणि तो 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या जुन्या कठड्यांवर, कपाटांवर आणि पाळण्यांवर काय आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. आजोबांच्या काळातला पाळणा काढून त्यावर नवा हात मारण्याआधी जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर करू नये, एवढं तरी रंगाऱ्याला बजावून सांगायला हवं.

झोपेचंही तसंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आज सांगते की बाळाने निदान पहिले सहा महिने आईबापांच्याच खोलीत, पण स्वतंत्र, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपावं; अंथरुणात उश्या, मऊ खेळणी, कठड्याला बांधायच्या गाद्या असू नयेत. अशा गुबगुबीत गाद्यांच्या विक्रीवर अमेरिकेने 2022 मध्ये कायद्यानेच बंदी घातली, कारण त्यात तोंड अडकून मुलं गुदमरत होती. म्हणजे जिथली छायाचित्रं पाहून आपण बाळाची खोली सजवतो, तिथले डॉक्टर ती खोली रिकामी ठेवा आणि बाळाला जवळ घ्या, असं सांगत आहेत. पण हाच निकष आपल्या झोळीलाही लावला पाहिजे. लुगड्याच्या झोळीत बाळ अर्धवर्तुळात दुमडतं, मान छातीकडे झुकते, आणि कापड तोंडावर आलं तर त्याला ते सारता येत नाही. देखरेखीखाली घटकाभर झोका ठीक. रात्रभराची झोप सपाट बुडाच्या पाळण्यात हवी. परंपरेचा अभिमान इथे आड येऊ देऊ नये.

मूल रांगू लागलं की घराचा नकाशाच पालटतो. त्याच्यासाठी भिंत म्हणजे खालचे दोन फूट आणि छत म्हणजे टेबलाची खालची बाजू. मारिया माँटेसरीने 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं, आणि तिथे तिने फर्निचरची उंची कमी केली. तो विचार मराठीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर नेलं. महागडी साधनं तिथे परवडणारच नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं, माती यांतूनच बालशिक्षणाचं साहित्य उभं राहिलं. आपल्या जुन्या घरांत याला पूरक अशा गोष्टी होत्याच. जाड भिंतीतले खालचे कोनाडे, ज्यांत मूल आपलं चिंचोक्यांचं राज्य मांडे. सारवलेली जमीन, जिच्यावर पडलं तरी टेंगूळ बेताचं येई. पडवी, जिथून येणारी-जाणारी माणसं दिसत. आणि पांगुळगाडा. तीन चाकांचा तो लाकडी सांगाडा मूल उभं राहून, धरून, ढकलून चालवतं. त्यात तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. आज त्याच्या जागी आलेल्या प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये मूल लोंबकळत बसतं आणि घरभर सुसाट सुटतं. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरवर बंदीच घातली, कारण मुलं त्यासकट जिन्यावरून पडत होती. नव्या बंगल्यात चकचकीत फरशी, उंच ओटा आणि भिंतीला चिकटलेली पाच फुटांपासूनची कपाटं असतात. सगळी सजावट उभ्या माणसाच्या डोळ्यांसाठी. मुलाच्या उंचीवर काय? विजेचे सॉकेट.

यावर पहिला आक्षेप हौसेचा येईल: हौसेला मोल नसतं, आणि आयुष्यात एकदाच येणारा आनंद माणसाने का साजरा करू नये? जरूर करावा. बारशाचा पाळणा झेंडूच्या माळांनी, रंगीत पडद्याने, आरशाच्या तुकड्यांनी नटवणं हीसुद्धा सजावटच होती, आणि चांगली होती. पण ती दुसऱ्या दिवशी उतरत असे. रोजच्या वापरात अडथळा न आणणारी हौस टिकाऊ असते. पीओपीच्या ढगावर धूळ बसायला लागली की ती पुसायलाही कोणी चढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या होणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, दार लावून घेता येईल अशी जागा नको का? हवीच. एकत्र घराच्या गोडव्याखाली मुलींना अभ्यासाचा कोपरा, कपडे बदलण्याचा आडोसा कधी मिळाला नाही, हे आपल्या घरांचं जुनं वैगुण्य आहे. मात्र ही गरज आठ-दहा वर्षांच्या पुढची. त्या खोलीचे पैसे बाळ बारा दिवसांचं असताना उधळायचे आणि मुलगी दहावीला जाईल तेव्हा ती खोली धान्याच्या पोत्यांनी भरलेली असायची, हा उलटा क्रम आहे. (याच तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं नसण्याची प्रथा आहे, 2011 मध्ये तिथे बँकेची शाखाही कुलपाशिवाय उघडली. तिथल्या बायकांनी आडोशासाठी काय काय युक्त्या केल्या असतील, यावर कोणी लिहीत नाही.)

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: हे सगळं ज्यांना बंगला आहे त्यांचं बोलणं झालं. त्याच बंगल्यापुढच्या उसात हंगामात तोडणीला येणारी कुटुंबं पाचटाच्या कोप्यांत राहतात, त्यांची तान्ही मुलं बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत असतात. त्यांच्यासमोर शैलीची भाषा कशी करायची? तरीही मला वाटतं, वरचे निकष दोन्हीकडे तितकेच लागू आहेत आणि ते पीओपीपेक्षा कोपीतच अधिक निकडीचे आहेत: धूर नसलेली हवा, कोरडी आणि साफ जमीन, सपाट अंथरूण, लक्ष ठेवणारं माणूस. बंगल्यातल्या बाळाला यातलं सगळं मिळालेलं असतं, म्हणून तिथे जिराफाची चर्चा होते. कोपीतल्या बाळाला यातलं माणूससुद्धा पुरतं मिळत नाही, कारण ते माणूस कोयता घेऊन फडात असतं. फडावरचा पाळणाघराचा प्रश्न हाही घर-सजावटीचाच प्रश्न आहे, फक्त घर दुसऱ्याचं आहे.

तेव्हा बांधकाम काढणाऱ्यांनी बाळाच्या खोलीचं बजेट हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात फिरवावं. एका खिडकीचा कट्टा दीड फुटावर घ्यावा, म्हणजे उभं राहायला शिकलेल्या मुलाला अंगण दिसेल, आणि तिला पक्की जाळी बसवावी. घसरणार नाही अशी फरशी निवडावी, खालचे सॉकेट वर सरकवावेत, भिंतीत दोन कोनाडे जमिनीलगत ठेवावेत. माळ्यावरच्या वाकळी काढून उन्हात घालाव्यात. आणि पाळण्याच्या कड्या हॉलच्या स्लॅबमध्ये सळई बांधतानाच टाकून घ्याव्यात. काँक्रीट पडून गेल्यावर भोक पाडून ठोकलेल्या हुकावर मूल टांगू नये.