फसलेल्याचे हसे

फसलेल्या माणसाला हसावे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. चोरी, खोटी साक्ष, परनिंदा यांच्या पंगतीला हसण्यासारख्या निरुपद्रवी गोष्टीला कोण बसवणार? तथापि आजच्या काळात या प्रश्नाला नवी धार आली आहे. इंटरनेटवर प्रेमाचे नाटक करून माणसांना लुबाडण्याचा धंदा जगभर फोफावला आहे, आणि त्यात फसलेल्या कोणाची कहाणी कानी आली की ऐकणाऱ्याच्या तोंडून प्रथम बाहेर पडते ते बहुधा हसूच. ते हसू निर्दोष आहे की नाही, याचा थोडा विचार वाचकांच्या संगतीने करावा असे आम्हांला वाटते.

या विचाराची सुरुवात आम्ही एका अगदी हलक्याफुलक्या वाङ्मयप्रकारापासून करतो. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ या नावाने तो ओळखला जातो. आपण त्याला चित्रकादंबरी म्हणू. तो मूळचा जपानचा. संगणकाच्या पडद्यावर एक चित्र, त्याखाली दोनचार ओळींचा मजकूर, आणि मधूनमधून वाचकापुढे ठेवलेले दोनतीन पर्याय, असे त्याचे साधे रूप असते. वाचक ज्या पर्यायावर बोट ठेवील त्या वाटेने कथा पुढे जाते. युजी होरी यांची १९८३ सालची, पोर्टोपिया येथील खुनाच्या तपासाची संगणकीय कथा या प्रकाराची पूर्वज मानली जाते. १९९४ साली ‘तोकिमेकी मेमोरियल’ या खेळाने शाळकरी प्रेमाराधनाचा विषय जपानमध्ये घरोघरी नेला. पुढे २०११ मध्ये ‘हातोफुल बॉयफ्रेंड’ आली. तिच्यात नायिकेचे प्रियकर म्हणून जे उभे राहतात ते चक्क पक्षी असतात, त्यांत कबुतरांचा भरणा! विनोदाला या प्रकारात किती मोकळीक आहे हे यावरून ध्यानी यावे.

आता अशाच एका छोट्या विनोदी चित्रकादंबरीची कल्पना करू. विषय आहे इंटरनेटवरील प्रेमाची फसवणूक. नायिका पन्नाशीतली शिक्षिका. एका रात्री तिला समुद्रातील तेलविहिरीवर काम करणाऱ्या एका विधुर इंजिनिअरचा संदेश येतो. छायाचित्रात तो एखाद्या नटासारखा देखणा दिसतो. त्याचे इंग्रजी मात्र दर वाक्याला लंगडते आणि त्याचा कॅमेरा कायमचा नादुरुस्त असतो. तिसऱ्या दिवशी तो तिला ‘माझी राणी’ म्हणतो, दहाव्या दिवशी लग्नाची गोष्ट काढतो, पंधराव्या दिवशी हिऱ्याची अंगठी पाठवतो, आणि ती अंगठी नेमकी कस्टम्सच्या कचेरीत अडकते. पडद्यावर दोन पर्याय उमटतात: ‘पैसे पाठवा’ आणि ‘आणखी थोडे पैसे पाठवा’. वाचक पोट धरून हसतो.

हा विनोद वास्तवाला सोडून नाही. आपल्याकडे विवाहविषयक संकेतस्थळांवरून झालेल्या फसवणुकींचा साचा जवळजवळ असाच असतो. परदेशस्थ वर, दिवसाच्या आरंभी आणि अखेरी न चुकता येणारी विचारपूस, मग भेटवस्तूंचे पार्सल, मग विमानतळावरून बोलणारी खोटी अधिकारी बाई आणि तिने मागितलेला दंड. पैसे दिले की नवे संकट उभे राहते. संशय घेतला की प्रियकर रुसतो, दोन दिवस अबोला धरतो, आणि पुन्हा गोड बोलू लागतो. सगळे गमावल्यावर बुडालेला पैसा परत मिळवून देतो असे सांगणारा तिसराच कोणी भेटतो, आणि तोही आपली फी घेऊन नाहीसा होतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात सुमारे ७० हजार लोकांनी अशा तक्रारी नोंदवल्या आणि त्यांत बुडालेली रक्कम १३० कोटी डॉलर्स होती. ज्यांनी तोंड उघडले त्यांचीच ही गणती. गप्प राहिलेल्यांचा हिशेब कोणाच्या वहीत नाही.

मग माणसे वेळीच का थांबत नाहीत? याचे एक उत्तर ती चित्रकादंबरीच देते. वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते की इंजिनिअर खोटा आहे. तरीही तो ‘पैसे पाठवा’ या पर्यायावर बोट ठेवतो. का? तर पुढे काय होते ते पाहावे म्हणून. कथा तिथेच संपू नये म्हणून. वाचकाचे यात काही जात नाही, परंतु ज्या ओढीने तो बोट ठेवतो ती ओढ फसणाऱ्या माणसाच्या ओढीची धाकटी बहीण आहे. ती शिक्षिका अंगठीसाठी पैसे पाठवत नाही. उद्या सकाळी ‘उठलीस का?’ असे विचारणारे कोणी असावे म्हणून ती पैसे पाठवते. तिला लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तिने विकत घेऊ पाहिले ते सोने नव्हे, सोबत.

येथे आम्हांला मध्ययुगातील एका थोर विचारवंताची आठवण होते. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात हसण्याचा विचार दोन ठिकाणी केला आहे. एके ठिकाणी ते विनोदाची बाजू घेतात. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे सतत गंभीर राहिलेले मन मोडते, म्हणून खेळ आणि थट्टा यांची माणसाला गरज आहे, असे ते म्हणतात. ज्याला विनोद करताही येत नाही आणि सोसवतही नाही अशा माणसाला ते दोषच देतात. दुसऱ्या ठिकाणी ते उपहासाला स्वतंत्र पाप मानतात. उपहास करणाऱ्याचा हेतू समोरच्याला लाजवण्याचा असतो. एखाद्याच्या मोठ्या दुःखाला आपण हसण्यावारी नेतो तेव्हा ते दुःख लहान झालेले नसते. आपल्या लेखी तो माणूस लहान झालेला असतो. त्याच्या दुःखाची दखल घेण्याइतकीही त्याची किंमत उरलेली नसते. उपहासाचे विष नेमके येथे आहे.

या भेदाची सत्यता पटवणारी एक घटना फ्रान्समध्ये घडली. जानेवारी २०२५ मध्ये तेथील एका मोठ्या दूरचित्रवाहिनीने एका स्त्रीची हकिगत दाखवली. हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट आपल्यावर प्रेम करतो आणि उपचारांसाठी त्याला पैशांची गरज आहे, असा बनावट छायाचित्रांच्या आधारे तिचा समज करून देण्यात आला होता. तिचे सुमारे ८ लाख ३० हजार युरो गेले. इतरांनी सावध व्हावे म्हणून ती पुढे आली. परिणाम काय झाला? दोन दिवसांत तिच्यावर टिंगलीचा इतका मारा झाला की वाहिनीला तो कार्यक्रमच काढून घ्यावा लागला. एका फुटबॉल क्लबानेही तिच्या नावे विनोद केला आणि मागाहून क्षमा मागितली. ठकाला कोणी हसले नाही. ज्या एका व्यक्तीने खरे बोलण्याचे धैर्य दाखवले तिलाच लोक हसले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याहून वेगळे काय?

यावर कोणी म्हणेल, ‘हसू नये तर काय करावे? हसण्याच्या भीतीनेच माणसे शहाणी होतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.’ हा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे, कारण विवेक हा सद्गुण आहे आणि फसलेल्याचीही काही जबाबदारी असते. कोणी मुलांच्या शिक्षणाचे पैसे घालवलेले असतात, कोणी घरच्यांशी खोटे बोलून कर्ज काढलेले असते. त्या वर्तनाचा जाब विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे. परंतु जाब विचारणे वेगळे आणि हसे करणे वेगळे. जाब विचारणारा समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानतो. हसे करणारा त्याला मूर्ख ठरवून आपण त्या जातीचे नव्हे असे स्वतःला समजावतो. शहाणपण शिकण्याचे दार तो त्याच क्षणी लावून घेतो. ‘मी कसा फसेन?’ असे म्हणणाऱ्याचे घर ठकाला सहसा उघडेच सापडते.

आपल्या इतिहासाला तरी हे अपरिचित कोठे आहे? १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत, परत येतील, ही आशा कित्येकांच्या मनांत जागी राहिली. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणून एक मनुष्य उभा राहिला. त्याच्यामागे हजारो माणसे गेली, कोकणातील किल्ले त्याच्या हाती आले. १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले तेव्हा ते बंड मोडले. त्याच्यामागे गेलेले सारेच का मूर्ख होते? ती तलवार गाजवणारी, कारभार पाहणारी माणसे होती. परंतु जो परत यावा असे मनापासून वाटते, त्याचा चेहरा आपण कोणत्याही चेहऱ्यात पाहू शकतो. तोतया आपले रूप समोरच्याच्या इच्छेतून उसने घेत असतो. आजच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड या कलमान्वये संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शब्द जुना, साधन नवे, आणि मनुष्याचे मन होते तसेच आहे.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यापुढे हसणे आपोआप थांबते. पडद्यापलीकडे गोड शब्द टंकित करणारा प्रत्येक जण मोकळा ठक असतोच असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार, तर कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशी फसवणूक करण्यासाठी डांबून ठेवली गेली असावीत. नोकरीच्या आमिषाने नेलेले, मारहाण सोसणारे ते तरुण आहेत. त्यांत भारतीयही आहेत. मार्च २०२५ मध्ये थायलंड-म्यानमार सीमेवरील अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मायदेशी आणण्यात आले. म्हणजे एका टोकाला एकाकीपणाने अडलेला मनुष्य आणि दुसऱ्या टोकाला बेकारीने अडलेला मनुष्य, आणि दोघांच्या अडचणीवर तिसराच कोणी गब्बर होतो. प्रेमाच्या जोडीला गुंतवणुकीचे आमिष दाखवणाऱ्या या धंद्यातील लोक आपल्या सावजाला ‘डुक्कर’ म्हणत: आधी खाऊपिऊ घालून पुष्ट करायचे, मग कापायचे. तेच नाव जगभर रूढ झाले. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने ते टाकून द्यावे असे आवाहन केले. कारण उघड आहे. ज्याला ठकाने डुक्कर म्हटले त्याला आपणही तेच म्हटले, तर तो पोलिसांच्या दारात कोणत्या तोंडाने जाईल?

आणि येथे आम्ही आमच्या मूळ प्रश्नाच्या उत्तराशी येतो. आमच्यासारख्या धर्मगुरूंकडे माणसे नाना दुःखे घेऊन येतात. मृत्यूचे दुःख माणूस दिवसाढवळ्या, चारचौघांत सांगतो. फसल्याचे दुःख सांगणारा आधी मागे वळून दार लागले आहे ना हे पाहतो. त्याला गेलेल्या पैशांपेक्षा लोकांच्या हसण्याचे भय अधिक असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून तो गप्प बसतो आणि त्या झाकल्या मुठीतून आणखी लाखभर निसटून जातात. ठकाला हे पक्के ठाऊक असते. ‘लोकांना सांगशील तर तुझेच हसे होईल’ असे तो बजावतो, आणि ती धमकी खरी ठरवण्याचे काम आपण फुकट करतो. आपल्या हसण्याचे भय हेच ठकाचे भांडवल आहे. म्हणून फसलेल्याला हसणे निरुपद्रवी नाही; नकळत का होईना, ती ठकाला केलेली मदत आहे.

याचा अर्थ त्या विनोदी चित्रकादंबरीवर बंदी घालावी असा कोणी घेऊ नये. विनोद हवाच. ठकाच्या लंगड्या इंग्रजीला हसावे, त्याच्या कधीही न सुटणाऱ्या पार्सलला हसावे. ते हसणे तरुणांना सावध करील, म्हाताऱ्यांना धीर देईल. चांगला विनोदकार तर वाचकाला शिक्षिकेच्या खुर्चीत बसवून, त्याच्याच बोटाने तो चुकीचा पर्याय निवडायला लावून, अखेरीस त्याला स्वतःलाच हसवील. असे हसणे माणसाला नम्र करते. खुर्चीबाहेर उभे राहून केलेले हसणे तेवढे टाळावे.

वाचकहो, आपल्या घरात, आपल्या आळीत असे कोणी असेल. संध्याकाळी एकट्याने जेवणारी मावशी असेल, आगबोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले काका असतील, लग्नाचे वय उलटून चाललेला भाऊ असेल. त्यांनी कधी चाचरत चाचरत अशी गोष्ट काढली, तर पहिल्या क्षणी आपल्या चेहऱ्यावर काय उमटते त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. तोंडून ‘अरेरे, केवढा मूर्खपणा!’ निघाले तर ते पुन्हा बोलणार नाहीत. ‘बरे झाले सांगितलेत’ एवढेच शब्द निघाले, तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार नोंदवता येईल, कारण अशा वेळी जितकी त्वरा करावी तितकी पैसा वाटेतच अडवला जाण्याची आशा अधिक. आणि पैसा न मिळाला तरी माणूस मिळेल. ज्याच्या भुकेपायी त्यांनी परक्या माणसावर विश्वास ठेवला, ती विचारपूस त्यांना आपल्या घरातच रोज मिळत असती, तर त्या देखण्या इंजिनिअरच्या संदेशाला उत्तर देण्याइतकी त्यांना सवड तरी झाली असती काय?