खदान हिरवी करायची घाई नको

वणी,
आषाढ

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जुन्या वहीच्या उरलेल्या पानावर, दोन्ही अंगांनी लिहिलेलं पाहून तुझ्या आजीला कोण आनंद झाला. कागदाची कदर करणारी पोर कशाचीच नासाडी करणार नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. तू लिहिलंस की राजूरच्या वाटेवरची ती बंद पडलेली चुनखडीची खदान उघडीबोडकी दिसते, तिच्याकडे पाहवत नाही, म्हणून तू आणि तुझ्या मैत्रिणी यंदा तिच्यात ट्रॉल्यांनी काळी माती टाकणार, सुबाभळीची रोपं लावणार आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिला हिरवीगार करून दाखवणार. तुझ्या मनात चांगलंच आहे, त्याची मला कधी शंकाच आली नाही. काळजी वाटते ती एवढीच, की तुला हे सारं एका वर्षात हवंय.

आपलं वणी, बाळा, कापसाबरोबर कोळशावर आणि दगडावरही जगलं आहे. आपल्या भागातला चुनखडक भूशास्त्रज्ञ पैनगंगा समूहात धरतात आणि तो जमिनीवर गवताची काडी उगवण्याच्याही फार आधीचा आहे. राजूरच्या भट्ट्यांत तो भाजला गेला आणि त्याचा चुना कितीतरी गावांच्या भिंतींना लागला. सुरुंगाचा आवाज, क्रशरची धूळ, टिप्परची ये-जा यांचा त्रास होतो हे खरं, पण तिथे राबणारी माणसं आपलीच आहेत आणि ज्या घरात बसून मी हे लिहितोय त्याच्या पायातही त्याच खदानींची गिट्टी आहे. तेव्हा खदानीला नावं ठेवायला मी धजत नाही. प्रश्न एवढाच, की दगड काढून झाल्यावर, किंवा काढता काढताच, तिच्या उरलेल्या कुशीत दुसऱ्या कुणाचा संसार मांडता येईल का.

येतो, हे लोकांनी करून दाखवलंय. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाचं एक बेट आहे. 1666 च्या मोठ्या आगीनंतर लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल नव्यानं बांधलं, ते तिथल्याच पांढऱ्या चुनखडकानं. त्या बेटावर ब्रॉडक्रॉफ्ट नावाची खाण आहे. तिच्यातून दगड निघत असतानाच तिचा काही भाग फुलपाखरांसाठी राखून ठेवलेला आहे आणि 1968 साली स्थापन झालेली बटरफ्लाय कॉन्झर्व्हेशन ही संस्था तो सांभाळते. इतकं लांब कशाला जा, गोव्यात साखळीला लोहखनिजाची खाण संपल्यावर त्या जागी झाडी वाढवली, खड्ड्यातल्या पाण्यात मासे सोडले आणि फुलपाखरांचं उद्यानही केलं. आणि आपल्या महाराष्ट्राला तर या जिवांचं कौतुक आहेच. 2015 साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान देणारं आपलं देशातलं पहिलं राज्य.

आता तुझ्या काळ्या मातीकडे येतो. (रागावू नकोस हं, पुढचं वाचल्याशिवाय.) आपण कास्तकार माणसं, कसदार माती म्हणजे सोनं असंच आपल्याला वाटणार, पण फुलपाखरांना खदान आवडते ती तिथली माती रोड असते म्हणून. रोड मातीत उंच गवत माजत नाही, त्यामुळे एकदांडी, तरोटा, तरवड अशा बुटक्या, उन्हाळू झाडांना जागा मिळते. तापलेले दगड फुलपाखरांना ऊब देतात, खड्ड्याच्या कडा वारा अडवतात, आणि ओलसर गाळावर नर फुलपाखरं घोळक्यानं बसून क्षार शोषतात. तिथे काळी माती पसरलीस तर आधी गाजरगवत धावत येईल. सुबाभूळ भराभर वाढेल आणि सावली धरेल, दुरून बघणाऱ्याला हिरवं दिसेल, पण तरोट्यावर वाढणारी ती लहानगी पिवळी फुलपाखरं मात्र तिथून उठून जातील.

एकदा त्या खदानीच्या काठावरच्या बोरीजवळ नीट बस. पानाला चिकटलेली चपटी, हिरवी अळी सहज दिसणार नाही. पण पानावर मुंग्यांची लगबग दिसली की तिथेच शोध. ही कॉमन पिएरो या फुलपाखराची अळी, मोठी झाली की पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके घेऊन उडणारी. तिच्या अंगातून गोड रस पाझरतो, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात तिच्या भोवती राखण करतात. पोर्टलंडच्या त्या खाणीतल्या निळ्या फुलपाखरांचं मुंग्यांशी असंच सख्य आहे. मग रुईकडे जा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी तिचं विषारी पान खुशाल खाते आणि ते विष अंगात साठवते, म्हणून पुढे तिचं केशरी फुलपाखरू झालं तरी पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याला प्लेन टायगर म्हणतात. गंमत अशी, की आपण भाजीला खुडतो त्या घोळीवर वाढणारं दुसरं एक फुलपाखरू आहे, त्याची मादी या केशरी फुलपाखराचं रूप घेऊन निर्धास्त हिंडते. एवढं सगळं ज्या जागेवर चाललंय, तिला उजाड कसं म्हणायचं गं?

हे बघायला मात्र लवकर उठावं लागेल. रात्रीच्या गारव्यानं फुलपाखराचं अंग जड झालेलं असतं, उन्हात पंख पसरून ते तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. म्हणून पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, ऊन वर चढायच्या आत गेलीस तर ते तुला हातभर अंतरावरून पाहू देईल. लवकर उठणाऱ्या माणसाला दिवसभर घाई करावी लागत नाही, हे मी तुझ्या आजीकडे बघून शिकलो. आणि तिच्याकडूनच दुसरी गोष्ट शिकलो: कितीही ओढीचं वर्ष असलं तरी बियाण्याची जवारी ती वेगळी काढून ठेवायची, तिला हात लावायची नाही. खदानीचंही तसंच असावं, बाळा. सगळं खणून घेऊ नये आणि सगळं लावूनही टाकू नये. आपल्या हातात जागा आली की तिच्या कानाकोपऱ्यात काहीतरी करूनच मोकळं व्हावं, हा सोस चांगल्या माणसांनाच फार असतो.

म्हणून या वर्षी काहीच लावू नकोस, एवढं माझं ऐक. ज्याची जागा आहे त्या मालकाला आधी विचारा आणि घरचं मोठं माणूस बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नका. खदानीचं पाणी वरून शांत दिसतं, पण खाली एकदम खोल असतं आणि कडेचा दगड पायाखालून निसटतो. पाण्याजवळ जायचं नाही म्हणजे नाही. पाठकोऱ्या कागदांची एक वही शिव, आणि दर आठवड्याला कोणत्या झाडावर काय बसलं, कुठे अंडी दिसली, ते तारखेनिशी लिही. तिन्ही ऋतू असे लिहून झाले की वहीच तुम्हाला सांगेल कुठे हात लावायचा. मग हवं तर रस्त्याकडच्या बाजूला, जिथे काहीच नाही तिथे, थोडी बोर, थोडी तरवड, एखादं लिंबाचं आणि कढीपत्त्याचं झाड लावा. बाकीचं पाऊस आणि मुंग्या करतील. मोठ्या खाणींना आता खाण बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो. उद्या तू शिकून असे आराखडे तपासणाऱ्या एखाद्या टेबलाशी बसलीस, तर किती झाडं लावली याच्याबरोबर किती जागा मोकळी राखली हेही विचारशील, याची मला खात्री आहे.

मैत्रिणींना हे पत्र वाचून दाखव आणि त्यांचं म्हणणं मला कळव. ट्रॉलीवाल्याला तेवढं आजच नाही म्हणून सांग.

तुझा,
आजोबा