राळ आणि धोतर

पांढरकवड्याहून हैदराबादला जाताना पैनगंगा लागते. आबांच्या अस्थी आम्ही तिथंच सोडल्या. जन्मभर कापूस पिकवला त्यांनी. अंगावरचं शेवटचं कोरं कापड मात्र बघता बघता जळून गेलं.

हैदराबादच्या राज्य संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे. तिच्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. शेतकऱ्याची पोर मी, देहाआधी मला धागा दिसतो. हा धागा कापसाचा नव्हे, जवसाच्या देठांचा. आपण जवस पेरतो तो चटणीसाठी!

ममी करताना आधी नेट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवायचा, मग गुंडाळताना पट्ट्यांना राळ चोपडायची. राळ धाग्यात मुरून घट्ट होते, ओल अडवते, बुरशीला आणि जंतूंना थारा देत नाही. आमच्या रानातली सालईसुद्धा साल कापली की अशीच चिकट राळ गाळून जखम बुजवते. आम्ही ती धूप म्हणून जाळतो.

पण इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या ममीवर सुगंधी लेप इतके ओतले होते, की १९२५ मध्ये कार्टर या संशोधकाने पट्ट्या उलगडायला घेतल्या तेव्हा त्या काळ्या पडून भुगा होत होत्या. अति जपणुकीनंच खाल्लं त्यांना.

आत्म्याला परतायला ओळखीचं घर हवं, ही इजिप्तच्या त्या लोकांची श्रद्धा. आपल्या गीतेत तो जुनं वस्त्र टाकून निघून जातो. आईला गीता पाठ आहे. तरी आबांचं एक धोतर तिच्या पेटीत आहेच. पावसाळ्यात त्याला कसर लागली, तर तिनं ते उन्हात झटकलं आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा घडी केलं.