परतीचा फाटा

साताऱ्याकडून पुण्याला निघालेला ट्रक सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडतो आणि भोर तालुक्यात शिरतो. थोड्याच वेळात डावीकडे कापूरहोळचा फाटा येतो, तिथून भोर. पुढे चेलाडीचा फाटा. तिथून नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. रात्रीचे दोन वाजलेले असतात. गाडी चालवणारा याच खोऱ्यातला असेल, तर त्याचं घर तिथून अर्ध्या-पाऊण तासावर असतं. पण गाडीचा वेग कमी होत नाही. सकाळी भिवंडीत गाडी खाली करायची असते, आणि फाट्याला वळलेली गाडी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या पडद्यावर लगेच दिसते. संध्याकाळी बायकोनं फोनवर विचारलेलं असतं, "तुमचा भात धरू का?" त्यानं सांगितलेलं असतं, "नको, माझा धरू नको."

घरासमोरून जायचं आणि घरी जायचं नाही, ही या धंद्याची रीत आहे. म्हणूनच की काय, या भागातले ड्रायव्हर एकत्र बसले की गप्पा हमखास एका वाक्यावर येतात: "यंदाची दिवाळी झाली की स्टेअरिंगला हात लावायचा नाही." दिवाळीच्या आधी माल जोरात असतो, खेपेवर खेप लागते. दिवाळीत चार दिवस गाडी उभी राहते आणि नेमकी तेव्हाच खाचरात भातकापणी चालू असते. कमरेत वाकून भात कापताना ड्रायव्हरला वाटतं, हेच खरं. पाचव्या दिवशी फोन येतो, सहाव्या दिवशी तो रस्त्यावर असतो. पुढच्या दिवाळीला तेच वाक्य, तोच माणूस, फक्त चष्म्याचा नंबर वाढलेला.

हे वाक्य मी बरीच वर्षं ऐकतो आहे. सुरुवातीला मला ती थकव्याची कुरकुर वाटायची. आता वाटतं, त्यात एक नेमकी मागणी आहे. पण ती मागणी सोडण्याची नाही.

सोडावंसं वाटण्याची कारणं उघड आहेत. कंबर, साखर, मूळव्याध, ढाब्यावरचं तिखट, केबिनमधली झोप. पोलीस, पावती, माल चढवण्या-उतरवण्याची वारई, 'गाडी आज भरणार नाही' म्हणून गोदामाबाहेर काढलेले दोन दिवस. आणि सतत पाठीवर बसलेली अपघाताची धास्ती. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला रात्री, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका ट्रकनं पुण्याच्या नवले पुलाजवळ एकामागून एक अनेक गाड्यांना धडक दिली. तो उतार भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या पायाला पाठ आहे. 'आपण असतो तर?' हा प्रश्न त्या रात्री किती घरांत विचारला गेला असेल!

मग जानेवारी २०२४ आला. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये, बेदरकारपणे कुणाचा जीव घेऊन आणि खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. ड्रायव्हरांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारला सांगावं लागलं की हे कलम चर्चेशिवाय लागू होणार नाही. १ जुलै २०२४ ला संहिता अमलात आली तेव्हा ते बाजूला ठेवलेलं होतं. शहरातल्या लोकांना प्रश्न पडला, की पळून जाणाऱ्याला शिक्षा नको का? हवीच. पण ड्रायव्हरचं म्हणणं वेगळं होतं: थांबलो तर जमाव जिवंत ठेवील याची हमी कोण देणार? ज्या धंद्यात थांबलं तरी मरण आणि पळालं तरी कैद, त्या धंद्यात पोरगा घालायचा कुणी? सेव्हलाइफ फाउंडेशननं २०२० मध्ये केलेल्या पाहणीत ८४ टक्के ट्रकचालकांनी सांगितलं होतं, की आपल्या नात्यागोत्यातल्या कुणाला आम्ही या कामाला या म्हणणार नाही. इकडे केंद्रीय मंत्री देशाला २२ लाख चालक कमी पडतात असं सांगतात. कमी पडणारच. बापच पोराच्या हातात चावी द्यायला तयार नाही.

तर मग सोडावं. पण सोडून कुठं जावं?

इथं दिवाळी अंकांचा आवडता नायक आठवतो. तो शहर सोडतो, मातीत परततो आणि सुखी होतो. तो बहुधा शहरातून निवृत्तीची रक्कम घेऊन आलेला असतो. वेल्ह्याच्या ड्रायव्हरच्या वाट्याला आलेली जमीन भावांत वाटून गुंठ्यांवर आलेली असते. उतारावरची खाचरं, एकच पीक, तेही पावसाचं. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर कितीही सुगंधी असला, तरी घरचं खाऊन विकायला फार उरत नाही. जून ते नोव्हेंबर शेत माणसाला बोलावतं, उरलेलं निम्मं वर्ष ते त्याला ओळखतही नाही.

आणि ही आजची गोष्ट नाही. या खोऱ्यांत पाऊस धो धो पडतो, पण पाणी थांबतं ते दुसऱ्यांसाठी. १९२०च्या दशकात भाटघरला धरण उभं राहिलं. वेळवंडीचं पाणी नीरेतून खाली गेलं आणि बारामती-इंदापूरकडचा ऊस पिकवू लागलं. पानशेतच्या धरणानं पुण्याची तहान भागवली. धरणांखाली गेली ती नदीकाठची, म्हणजे चांगली जमीन. पाणी खाली गेलं आणि पाण्यामागोमाग माणसं.

आता उरलेली जमीनही चालू लागली आहे. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी फार्महाऊसचे प्लॉट पडले. पुण्याचा नियोजित रिंगरोड भोर तालुक्यात वरवे परिसरात महामार्गाला मिळतो, तिथं मोबदल्याचा पैसा आला. पैसा आल्यावर पोरांना पहिलं काय सुचतं? डंपर घेऊ. म्हणजे बाप ट्रकवरून उतरायच्या गोष्टी करतो आणि जमीन विकून पोरगा हप्त्यावर गाडी घेतो. आता तर नोकरही नाही, मालक-चालक! नोकरी सोडता येते. हप्ते फिटेपर्यंत गाडी माणसाला सोडत नाही.

दुसरी वाट पर्यटनाची. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात राजगड आहे. वेल्हे तालुक्याला राजगडाचंच नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये घेतला. शनिवार-रविवारी तोरणा, राजगड, मढे घाट माणसांनी फुलतात. पिठलं-भाकरी खपते, तंबू लागतात. पण ती कमाईही शनिवार-रविवारची. सोमवारी पुन्हा तेच. राहता राहिलं शिरवळच्या कारखान्यांतलं कंत्राटी काम, जिथं चाळिशीच्या ड्रायव्हरला गेटवरूनच परत पाठवतात.

लग्नाच्या बाजारात तर दोन्हीकडून कोंडी. ड्रायव्हरला मुलगी देत नाहीत, कारण तो घरी नसतो. शेतकऱ्याला देत नाहीत, कारण तो घरीच असतो.

मात्र या कोंडीतून एक जुनी गोष्ट स्पष्ट दिसते. मावळच्या, म्हणजे या डोंगरखोऱ्यांच्या, जमिनीनं एकटीनं माणूस कधीच पोसलेला नाही. इथलं जगणं नेहमी दोन पायांवर उभं राहिलं: एक पाय खाचरात, एक बाहेर. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मावळा मोहिमेवर जायचा आणि पावसाच्या तोंडावर परतायचा. वरंध्याच्या, मढ्याच्या घाटानं कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर यायचं, तेही उघडिपीच्या दिवसांत. पुढे माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, बंदरात गेली, पुण्याच्या बाजारात हमालीला लागली. लावणीला रजा टाकून गावी यायचं, हे मुकादमालाही ठाऊक असे. मावळ-मुळशीकडचे मुंबईचे डबेवाले तर आजही चैत्राच्या सुमाराला गावच्या जत्रांसाठी पाच-सहा दिवस सगळे मिळून सुट्टी घेतात. मुंबईच्या साहेबाला तेवढे दिवस स्वतःची सोय बघावी लागते, आणि मुंबई काही बुडत नाही.

बाहेर जाणं या माणसांना नवं नाही. जाण्याच्या प्रत्येक रीतीत परतीचा एक दिवस बांधलेला असायचा. ट्रकच्या धंद्यात तो दिवस नाही. दर खेपेमागे पैसे असल्यानं उभी गाडी म्हणजे उपाशी गाडी. ड्रायव्हरला हवा आहे तो हा हरवलेला दिवस. तो मिळायची आशा उरली नाही, म्हणून तो 'सोडतो' म्हणतो. मधलं काही मागायची सोयच नसली, की माणूस टोकाचं बोलतो.

गंमत अशी, की या धंद्यात वेळेचा हिशेब नाही असं नाही. मालाच्या वेळेचा हिशेब मिनिटांत आहे. ई-वे बिलात दर २०० किलोमीटरला एक दिवस मोजून दिलेला आहे. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, गाडीनं कुठला नाका किती वाजता ओलांडला हे मालकाच्या मोबाइलवर येतं. हिशेब नाही तो माणसाच्या वेळेचा. तोही कागदावर होता: मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले होते, पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांतीही. पण पाचाहून कमी कामगार असलेला मालक त्यातून सुटत होता, आणि या धंद्यात बहुतेक मालक एक-दोन गाड्यांचेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. चांगलं झालं. पण केबिन कितीही गार असली तरी ती घर होत नाही.

हे बदलता येतं का? युरोपीय संघात चालकानं दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवायची असते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबायचं असतं, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवत असतं. २०२० च्या नियमांनी तर आणखी पुढचं पाऊल टाकलं: दर चार आठवड्यांत चालकाला घरी परतता येईल अशी कामाची आखणी करणं कंपनीवर बंधनकारक केलं. परतणं कायद्यात लिहिलं गेलं! जपाननं एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली. माल खोळंबेल अशी ओरड तिथंही झाली, तरी मर्यादा घातली गेली. आपल्याकडे २०१४ मध्ये सुरू झालेल्या रिव्हिगो कंपनीनं टप्प्याटप्प्यावर ड्रायव्हर बदलायची पद्धत आणली. एकानं काही तास गाडी न्यायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची, परतीची गाडी घेऊन त्याच दिवशी घरी. पुढे कंपनीचा पसारा आवरला, २०२२ मध्ये तिचा बराचसा व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला. पण तिनं एवढं दाखवून दिलं, की माल न थांबता माणूस घरी जाऊ शकतो.

मावळच्या माणसाला यात नवल वाटू नये. त्याच्याकडे याला शब्द आहे: सावड. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. एकट्याला न पेलणारी लावणी सावडीनं चार दिवसांत उरकते. हायवेवरची सावड काय वेगळी असते?

यावर मालक म्हणेल, भाडं वाढेल. वाढेल. आज ते कमी आहे, कारण फरक ड्रायव्हरच्या झोपेतून भरला जातो, आणि कधी कधी नवले पुलाच्या उतारावर वसूल होतो. ड्रायव्हर स्वतःच म्हणेल, मला जादा खेप हवी, घरी बसून काय करू? त्याचंही खरं. पण दर खेपेला पगार बांधला, की माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम होतो. ठरलेला पगार आणि ठरलेली पाळी मिळाल्यावर तो काय म्हणतो, हे अजून कुणी त्याला विचारलेलं नाही.

यासाठी परदेशाकडेच बघायला हवं असंही नाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी हमाल-माथाड्यांना एकत्र केलं. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. मालक हजार असले तरी कामगारांचं मंडळ एक, आणि मजुरी त्याच्यामार्फत. रजा, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना याच वाटेनं आले. त्यात याच डोंगराळ तालुक्यांतली माणसं किती होती! आज राज्यात बऱ्याच ठिकाणी ट्रक जिथं भरतो तिथं माथाडी मंडळाचा कामगार असतो, जिथं खाली होतो तिथंही असतो. ओझं चढवणाऱ्याला आणि उतरवणाऱ्याला मंडळ आहे. मधले हजार किलोमीटर ते नेणाऱ्याला नाही. भाऊभाऊच ते. एक गोदामात थांबला, दुसरा रस्त्याला लागला.

माझ्या माहितीतल्या एका ड्रायव्हरनं मात्र खरंच सोडलं. बावीस वर्षं दहाटायरी चालवली, मग एका दिवाळीनंतर गेलाच नाही. गावात वाटलं, आता शेती करणार. त्यानं जुना टेम्पो घेतला. सकाळ-संध्याकाळ खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करतो, मधल्या वेळात खाचर बघतो. मी म्हटलं, "दादा, तुम्ही तर गाडी सोडणार होतात." तो हसला. "गाडीचा कुणाला कंटाळा होता? रात्रीचा होता."

पैसे पूर्वीपेक्षा कमी मिळतात, हेही त्यानं सांगितलं. सगळ्यांना असा टेम्पो मिळणार नाही. खोऱ्यात तेवढं दूधच नाही. बाकीचे आज रात्रीही कापूरहोळवरून सरळ जातील. याच्या घरी मात्र दिवेलागणीला चुलीवर भात चढतो, आणि कुणाचा धरायचा, कुणाचा नाही, हे फोन करून विचारावं लागत नाही.